नव्वद किलोंची चोरी

१

मानवजातीच्या इतिहासात इतका निर्लज्ज गुन्हा आजवर घडलेला नाही, असं इस्पितळाच्या संचालकांनी सकाळी सव्वाआठ वाजता लाँड्रीच्या दारात उभं राहून जाहीर केलं. सव्वाआठ वाजून दोन मिनिटांनी त्यांनी शेजारच्याला हळूच विचारलं, "पण गेलंय काय?"

गेला होता वजनकाटा. लोखंडी, जमिनीवर बसवायचा, स्वतःच नव्वद किलो वजनाचा. तो जिथे वर्षानुवर्षं होता तिथे, इस्त्रीची टेबलं आणि बाहेरचं दार यांच्या मधे, आता फरशीचा एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता. बाकीच्या फरशीच्या मानाने तो इतका स्वच्छ होता, की पाहणाऱ्याला बाकीच्या फरशीबद्दल वाईट वाटावं.

एरवी काटा गेला असता तर दुसरा आणला असता. पण त्या दिवशी दुपारी चारला विश्वस्तांची सभा होती आणि सभेपुढे एकच विषय होता: इस्पितळाची स्वतःची लाँड्री बंद करून चादरी बाहेरच्या ठेकेदाराकडे धुवायला द्यायच्या का? त्यासाठी रंगीत मुखपृष्ठाचं, बेचाळीस पानांचं खर्च-लाभ विश्लेषण तयार होतं. लाँड्रीत एक किलो कपडा धुवायला पंचवीस रुपये लागतात, ठेकेदार वीस मागतो, रोजचे कपडे तीनशे किलो. म्हणजे वर्षाला पाच लाख सत्तेचाळीस हजार पाचशेची बचत. शिवाय लाँड्रीच्या जागी वातानुकूलित सभागृह होणार होतं. 'संस्थेच्या प्रतिष्ठेत वाढ' या ओळीपुढे 'वार्षिक लाभ एक लाख ऐंशी हजार' असं छापलं होतं. प्रतिष्ठा मोजली कशी, हे कुणी विचारलं नाही. आकडा छापलेला होता, आणि छापलेल्या आकड्याला प्रश्न विचारणं आपल्याकडे उद्धटपणाचं समजतात.

फक्त अध्यक्षबाईंनी एक अट घातली होती. हात वर करण्याआधी एका दिवसाची धुलाई माझ्या डोळ्यांसमोर वजन करून दाखवा, मग मी मत देईन.

संचालकांनी मान वळवून लाँड्रीच्या मुकादमांकडे पाहिलं.

"काटा नाही म्हणजे वजन नाही. वजन नाही म्हणजे सभा नाही. सभा नाही म्हणजे लाँड्री चालू. फायदा कुणाचा, हे सांगायला मला बेचाळीस पानं लागत नाहीत."

मुकादम सत्तावीस वर्षं तिथे होते. त्यांच्या हाताखाली दहा माणसं, तेच अकरावे. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. ते एवढंच म्हणाले, की मी काल सव्वापाचला किल्ली जमा करून घरी गेलो, साहेब.

चारपर्यंत काटा सापडला नाही तर मुकादम निलंबित आणि प्रकरण पोलिसांत, असं संचालकांनी ठरवलं. पुरावा बिघडू नये म्हणून त्यांनी लाँड्रीचं सगळं काम तिथल्या तिथे बंद करवलं आणि कुणी कशालाही हात लावायचा नाही असं बजावलं.

हा त्या दिवसातला सर्वांत महागडा हुकूम होता, पण ते कळायला अजून तीन तास होते.

२

पोलीस म्हटलं की वर्तमानपत्र आलं, आणि वर्तमानपत्र आलं की एक लाख ऐंशी हजारांची प्रतिष्ठा गेली. म्हणून आधी घरच्या घरी तपास करावा, असं संचालकांना वाटलं. सात नंबरच्या खोलीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेले एक आजोबा होते. एकतीस वर्षं विमा कंपनीचे सर्व्हेअर. आग, चोरी, बुडालेल्या होड्या, सगळं पाहिलेले. त्या दिवशी त्यांना घरी सोडायचं होतं आणि सून कामावरून सुटून यायची होती, म्हणजे दिवसभर भिंतीकडे बघण्याखेरीज उद्योग नव्हता. विनंती ऐकताच त्यांनी चष्मा लावला आणि व्हीलचेअर मागवली.

लाँड्रीत आल्यावर ते त्या स्वच्छ चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिले. मग काट्याबद्दल सोडून भलतेच प्रश्न विचारू लागले. कपडे येतात कुठून, जातात कुठून?

मुकादमांनी दाखवलं. मागच्या बाजूला मळक्या कपड्यांची खोली. सकाळी सहापासून वॉर्डातले मदतनीस तिथे चादरी, टॉवेल, गाऊन आणून टाकतात. आठला लाँड्री उघडली की ते कपडे वेगळे करायचे, मग मशीन, मग वाळवण, मग इस्त्री, मग काटा, मग पुढच्या दाराने वॉर्डात.

"वजन शेवटी का करता?"

फार वर्षांपूर्वी वॉर्डांची तक्रार असायची, की दिलं तेवढं परत मिळत नाही. चादरी मोजायला वेळ कुणाला? म्हणून वॉर्डात जाणारा प्रत्येक गठ्ठा काट्यावर ठेवून नोंदवहीत लिहायची पद्धत पडली, ती पडलीच. ठेकेदाराने मागच्या आठवड्यात नमुना म्हणून तिसऱ्या वॉर्डाचे कपडे धुवून आणले, तेही मुकादमांनी आत घेण्यापूर्वी वजन करून लिहून घेतले होते. दारातून जाणारं काहीही ते वजन केल्याशिवाय सोडत नसत. त्यांचे सहकारी म्हणायचे, मुकादमांच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडसुद्धा काट्यावरून गेलं असतं.

आजोबांनी पुढच्या दाराबाहेर नजर टाकली. सात पायऱ्या, मग अंगण, मग फाटक. फाटकावरच्या रखवालदाराने शपथेवर सांगितलं, की काल दुपारपासून एक रिकामी रुग्णवाहिका आणि डॉक्टरांची सायकल याशिवाय काही बाहेर गेलेलं नाही.

"सायकलवर नव्वद किलो?" आजोबांनी विचारलं.

"डॉक्टर होते," रखवालदार म्हणाला. "पंच्याण्णव तरी भरतील."

आजोबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, की आता मला ते बेचाळीस पानं लिहिणारं माणूस हवं.

३

बेचाळीस पानं लिहिणारं माणूस म्हणजे सव्वीस वर्षांची एक मुलगी. हुद्दा विश्लेषक, पण सगळं इस्पितळ तिला आकडेताई म्हणे. नेमणूक वर्षभराच्या कराराची होती आणि तो याच महिन्यात संपत होता. तिचे डोळे सुजलेले होते. विचारल्यावर म्हणाली, डोळे आलेत. आजोबांनी ते मान्य केलं.

त्यांनी तिच्याकडून फक्त एक रिकामा तक्ता मागितला. डावीकडे खर्च, उजवीकडे लाभ.

"एकतीस वर्षं मी चोराच्या मागे धावलो, आणि हे मला कुणी शिकवलं नाही," ते म्हणाले. "चोरी हीसुद्धा गुंतवणूकच की. प्रत्येकाचा तक्ता मांडू. ज्याचा लाभ जास्त, तो आपला माणूस."

तिने यंत्रासारखे रकाने आखले.

पहिले मुकादम. लाभ: सभा फार तर एक महिना पुढे. खर्च: निवृत्तिवेतन, सत्तावीस वर्षांचं नाव, आणि वर काटा नाही म्हणून आज वॉर्डात एकही चादर जाणार नाही, त्याच्या शिव्या. तक्ता तोट्यात.

दुसरा ठेकेदार. तो सकाळपासून हजर होता, गोड माणूस, सगळ्यांना आपल्या कंपनीच्या डायऱ्या वाटत फिरत होता. आजोबांनाही त्याने दोन दिल्या, एक सुनेसाठी. काटा गेल्याचं त्याला मनापासून दुःख झालं होतं. मुकादमांचा काटा मुळातच चुकीचा होता, असं मात्र त्याने जाता जाता सांगितलं. नमुन्याचे कपडे त्याने बावन्न किलो उचलले आणि बिलात तसं लिहिलं, तर मुकादमांनी परत घेताना चाळीसच लिहिले. आता बारा किलो काय त्याने खाल्ले? तरी त्याच्या तक्त्यातही तोटाच निघाला. ठेका त्याच्या खिशात आल्यात जमा होता. अशा दिवशी काटा पळवून कोण घोळ घालून घेईल?

तिसरे संचालक. त्यांना सभा आजच हवी होती. सभागृहाच्या पडद्यांचा रंगसुद्धा ठरला होता.

चौथ्या मेट्रनबाई. लाँड्रीच्या किल्ल्या संध्याकाळी त्यांच्या खोलीत टांगलेल्या असतात, म्हणून त्यांचं नाव घ्यावं लागलं. त्यांना आजोबा वऱ्हांड्यात गाठून भेटले. बाई चालत होत्या, आजोबांची खुर्ची मागून पळत होती. बाईंनी सांगितलं, की मला चादरी वेळेवर मिळाल्या म्हणजे झालं, त्या कोण धुतो, कोण मोजतो याच्याशी कर्तव्य नाही. आणि तुम्ही गुडघ्यावर बर्फ ठेवलाय का? आजोबांनी ठेवला नव्हता. चौकशी तिथेच संपली, आणि ती कोण कुणाची करत होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

साडेदहाला तक्ता पुरा झाला. आकडेताईने तो पुढे सरकवला. प्रत्येक नावापुढे उणे.

"कुणाचाच फायदा नाही," ती म्हणाली.

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे चोरी झालेलीच नाही."

४

ते खुर्चीतूनच जमिनीकडे वाकले. स्वच्छ चौकोनापासून दोन फिकट पांढऱ्या रेघा निघाल्या होत्या, समांतर, हातभर अंतरावर. साबणाच्या पाण्यातून गेलेली ट्रॉली फरशी वाळल्यावर अशाच रेघा सोडते, हे लाँड्रीतल्या कुणीही सांगितलं असतं. पण लाँड्रीतल्या कुणालाही कुणी विचारलं नव्हतं. त्यांना हात लावू नका, असं सांगितलं होतं.

रेघा पुढच्या दाराकडे जात नव्हत्या. मशीनला वळसा घालून त्या मागे गेल्या होत्या. मळक्या कपड्यांच्या खोलीत.

खोलीत कमरेच्या वर ढीग होता, आणि वास त्याच्याही वर. संचालक नाकाला रुमाल लावून दारातच थांबले.

"रोज आठला इथे काय होतं?" आजोबांनी विचारलं.

"कपडे वेगळे करतो," मुकादम म्हणाले. "सव्वानऊपर्यंत खोली रिकामी होते."

"आणि आज?"

"आज साहेबांनी काम बंद केलं."

मग मुकादमांच्या दोन माणसांनी ढिगाच्या मधोमध हात घातले. चादरी, गाऊन, एक चुकून आलेली उशी, आणि खाली खणकन लोखंड वाजलं.

काटा भिंतीला लागून, नीट सरळ, अगदी वापरायला तयार ठेवला होता. कुणी लपवला नव्हता. सकाळी सहाला मदतनीस आले, त्यांनी रोजच्यासारखं न बघता वरून कपडे टाकले, आणि आठपासून सगळं इस्पितळ त्याच्याभोवती त्यालाच शोधत होतं.

मुकादम तिथल्याच बाकावर बसले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि बायकोला सांगितलं, की संध्याकाळी नेहमीसारखा घरी येतोय. पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा. "काही नाही, असंच," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

संचालकांनी टाळ्या वाजवल्या, आजोबांचे आभार मानले, आणि काटा ताबडतोब जागेवर न्या म्हणाले. म्हणजे चारला इस्त्री झालेल्या कपड्यांचं वजन होईल, अध्यक्षबाईंचं समाधान होईल आणि मतदान होईल.

"न्या की," आजोबा म्हणाले. "पण तो इथे कुणी आणला, हे आधी विचारायला नको का? कारण ज्याने आणला, त्याला तुमच्या अहवालातली चूक माहीत आहे."

५

अध्यक्षबाईंना बोलावून घेतलं गेलं. त्या सत्तरीच्या, छोट्या चणीच्या, आणि लोक बोलत असताना त्यांच्याकडेच बघणाऱ्या होत्या. त्यामुळे बरेच लोक त्यांच्यापुढे थोडक्यात बोलत.

आजोबांनी मांडलं ते असं. काटा दारापाशी होता, तो ढिगापाशी आला. म्हणजे कुणाला तरी कपडे इस्त्रीनंतर नव्हे, धुण्याआधी वजन करून हवे होते. काय फरक पडतो? ओला टॉवेल, घामाची चादर, पुसलेलं, सांडलेलं, सगळं पाणी त्यात असतं. ठेकेदार उचलताना वजन करतो आणि त्या वजनावर पैसे घेतो. इस्पितळ वाळवून इस्त्री केल्यावर वजन करतं. तेच कपडे, तिकडे बावन्न, इकडे चाळीस. दोन्ही काटे बरोबर. अहवालाने मात्र ठेकेदाराचा ओल्या किलोचा दर घेतला आणि त्याला मुकादमांच्या सुक्या किलोंनी गुणलं.

ठेकेदार अजिबात चिडला नाही. करारात लिहिलेलंच आहे, पान सहा, तळटीप, असं त्याने हसून सांगितलं. मला वाटलं तुम्ही वाचलं असेल.

"ही गोष्ट कळायला ठेकेदाराचं बिल आणि मुकादमांची वही, दोन्ही एकाच टेबलावर हवीत," आजोबा म्हणाले. "ती एकाच टेबलावर आहेत."

सगळ्यांनी आकडेताईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती.

"बाळ, आपण सगळ्यांचे तक्ते मांडले, तुझा राहिला," आजोबा म्हणाले. "मी मनातल्या मनात मांडला. खर्चाच्या बाजूला तुझी नोकरी येते. लाभाच्या बाजूला मला एकच ओळ सुचली. झोप."

ती रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. खूप वेळ दाबून धरलेला श्वास सोडावा तशी बोलू लागली.

काल दुपारी बिल हातात आलं आणि चूक दिसली. ती संचालकांकडे गेली, सर, एक छोटीशी गोष्ट आहे म्हणाली. सर पडद्यांचे नमुने बघत होते. छोटी असेल तर सभेनंतर, असं ते म्हणाले. अहवाल छापून झालेला, वर तिचंच नाव. मी चुकले असं भर सभेत विश्वस्तांच्या तोंडावर सांगायची हिंमत होईना, आणि न सांगता चार वाजू द्यायचीही. मग वाटलं, काटा ढिगापाशी असला तर सकाळी कपडे तिथेच, धुण्याआधी वजन होतील आणि चारला तो आकडाही सभेपुढे येईल. आकडाच बोलेल, मला बोलावं लागणार नाही. सकाळी साहेबांनी चोरी म्हटलं, पोलीस म्हटलं, आणि खरं सांगणं आणखीच अवघड झालं.

"मुकादम, तुमच्याकडे बघायची मला लाज वाटतेय सकाळपासून," ती म्हणाली.

मुकादम विचार करत होते. "पण नव्वद किलो तू एकटीने उचललंस?"

"मी धरली दुसरी बाजू," दारातून मेट्रनबाई म्हणाल्या. "पोरगी घामाघूम झाली होती. चारपर्यंत बोलू नका म्हणाली, मी शब्द दिला. मुकादमांना न्यायला कुणी आलं असतं तर बोलले असते. आणि हे आजोबा मला विचारत होते कुठे? मीच त्यांना विचारत होते."

"आता अध्यक्षबाई," संचालक घसा खाकरून म्हणाले, "हा शिस्तीचा प्रश्न आहे."

अध्यक्षबाईंनी हात वर केला. "आधी वजन," त्या म्हणाल्या.

६

तिसऱ्या वॉर्डाचा ढीग त्याच काट्यावर ठेवला. एकोणचाळीस किलो. मग मुकादमांच्या माणसांनी तो धुतला, पिळला, वाळवला, इस्त्री केला. अध्यक्षबाई खुर्ची टाकून तीन तास तिथेच बसल्या. अधूनमधून त्या मशीनबद्दल विचारत, आणि मुकादम, ज्यांना सत्तावीस वर्षांत मशीनबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं, ते सांगत सुटले. तीन वाजता इस्त्रीचा गठ्ठा काट्यावर चढला. तीस किलो.

आकडेताईने तिथेच इस्त्रीच्या टेबलावर हिशेब केला. सुके तीनशे म्हणजे ओले तीनशे नव्वद. वीसने गुणले तर दिवसाला सात हजार आठशे. लाँड्रीचा खर्च साडेसात हजार. ठेका दिला तर बचत सोडाच, वर्षाला एक लाख नऊ हजार पाचशेचा तोटा.

संचालक कागदावर काहीतरी मांडत होते. "प्रतिष्ठा धरली, तर अजूनही सत्तर हजार पाचशेचा फायदा आहे," ते म्हणाले.

"प्रतिष्ठेने चादरी धुता येतात का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सभा चारला भरायची होती, ती साडेतीनला लाँड्रीतच उरकली. लाँड्री चालू ठेवायची, एकमताने. हे ऐकल्यावर इस्त्रीच्या टेबलामागून कुणीतरी शिट्टी वाजवली आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. ठेकेदाराने सर्वांचं अभिनंदन केलं आणि उरलेल्या डायऱ्या वाटून टाकल्या.

आकडेताईबद्दल अध्यक्षबाई फार बोलल्या नाहीत. चूक झाली, पण ती मतदानाच्या आधी सापडली आणि जिने केली तिलाच सापडली. असं माणूस बाहेर शोधायला गेलो तर किती खर्च येईल, याचा तक्ता करून मला दाखवा, असं त्यांनी संचालकांना सांगितलं. संचालकांनी कराराला एक वर्षाची मुदतवाढ लगेच देऊन टाकली. तक्ता करण्यापेक्षा ते स्वस्त होतं. पुढच्या वेळी काटा हलवू नकोस, टेबलावर हात आपट, हेही बाईंनी तिला बजावलं. ती हो म्हणाली, तिथल्या गाऊनच्या गठ्ठ्यावर टेकली, आणि दोन मिनिटांत बसल्या बसल्या झोपली. कुणी उठवलं नाही.

आजोबांची सून आली, तेव्हा त्यांनी तिला डायरी दिली आणि सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायला घेतली. ती म्हणाली, बाबा, गाडीत सांगा.

पण संचालकांना दोन शब्द बोलायचे होते. लाँड्रीत व्यासपीठ नव्हतं. जमिनीपासून वीतभर उंच अशी एकच जागा होती, तिच्यावर ते चढले. शास्त्रशुद्ध विश्लेषण हाच आधुनिक संस्थेचा कणा आहे, असं त्यांनी सांगितलं. आपण पहिल्यापासून ओल्या-सुक्याचा भेद करा म्हणत होतो, असंही सांगितलं. आजचा हा दिवस येणाऱ्या पिढ्या लक्षात ठेवतील, अशा वाक्यावर ते पोचले होते, तेवढ्यात समोर मुकादम हातात गठ्ठा घेऊन उभे राहिले.

"साहेब," ते अदबीने म्हणाले, "जरा काट्यावरून उतरता का? पाचव्या वॉर्डाच्या चादरी राहिल्यात."